गच्चीवरच्या छत्र्यांचा कोन आणि ३५,७८६ किलोमीटरवरचा उपग्रह

महालची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. दोन प्रश्न घेऊन आले आहे.

२ नोव्हेंबरच्या रविवारी संध्याकाळी माझ्या वर्गातली अकरा मुलं आमच्या गच्चीवर जमली होती. ५ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून एलव्हीएम३ रॉकेट उडालं, सीएमएस-०३ हा ४,४१० किलोचा संचार उपग्रह घेऊन. भारताच्या भूमीवरून भूस्थिर कक्षेच्या वाटेला लागलेला हा आजवरचा सगळ्यात जड संचार उपग्रह. लॅपटॉपवर पाहिलं, टाळ्या वाजवल्या, दिवाळीचा उरलेला चिवडा संपवला. सोळा मिनिटांनी उपग्रह रॉकेटपासून वेगळा झाल्याचं जाहीर झालं आणि एका मुलीनं विचारलं, "मॅडम, सोडून तर दिला. आता तो तिथं जाऊन थांबेल कसा? त्याला ब्रेक कोण लावेल?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किमी, तिथं एका फेरीला २३ तास ५६ मिनिटं लागतात, पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढीच, म्हणून आपल्याला तो एका जागी दिसतो. गच्चीवरची टीव्हीची छत्री एकदा बसवली की हलवावी लागत नाही ती यामुळेच. पण तिनं हे विचारलंच नव्हतं, आणि मला ते तेव्हाच कळलं होतं.

छत्रीचं नाव निघालंच होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांनी कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून लंबक केला आणि गल्लीतल्या चौदा गच्च्या पालथ्या घातल्या. छत्रीची कडा उभ्या रेषेपासून किती मागं झुकली आहे ते मोजलं. आकडे तीन घोळक्यांत आले: काही ४० अंशांच्या आसपास, बरेचसे ३५, आणि तीन छत्र्या २४-२५. आता नागपूर आहे २१.१५° उत्तर, ७९.१° पूर्व. फ्री डिशचा ९३.५° पूर्व रेखांशावरचा उपग्रह इथून क्षितिजापासून ६०° वर दिसायला हवा. दोन रात्री त्रिकोणमिती तपासली, ६० च येतात. मग छत्री ३५ वर का? मुलं म्हणतात आमचं माप चुकलं. मला तसं वाटत नाही, कारण चुकलेली मापं अशी घोळक्यानं येत नाहीत.

कोणी सांगेल का?

बर्डीवाला

मॅडम, आधी मुलांना शाबासकी द्या. माझ्या गच्चीवर बारा वर्षांपासून छत्री आहे, ती कुठे बघते हे मी कधी बघितलं नाही. रमण विज्ञान केंद्रात विचारून पाहा, तिथे नक्की कोणी सांगेल.

छत्रीवाला_मानेवाडा

मॅडम, पोरांचं माप एकदम बरोबर आहे. तुमचं गणितही बरोबर आहे. मी १६ वर्षांपासून छत्र्या बसवून राहिलो, मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर सगळा भाग फिरलो.

गोष्ट अशी आहे की घरगुती छत्री ऑफसेट असते. एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारी डबी, मधोमध नसते, खालून निघालेल्या दांड्यावर असते, हे तुम्ही पाहिलंच असेल. सिग्नल वरून तिरपी येते, छत्रीवर आदळते अन् खाली एलएनबीत जाते. म्हणून छत्री समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहून राहिली असं वाटते, पण तिची नजर त्याच्यावर साधारण २५ अंश असते. कंपनीप्रमाणे एखाददोन अंश इकडेतिकडे. ३५ मध्ये २५ मिळवा, झाले ६०.

याचा फायदाही आहे. एलएनबीची सावली छत्रीवर पडत नाही, तेवढी सिग्नल वाया जात नाही. अन् छत्री उभट राहते म्हणून पावसाचं पाणी, पानं, कबुतरांची घाण तिच्यात साचत नाही.

आता तुमचे तीन घोळके. ३५ वाल्या फ्री डिशच्या, ९३.५° पूर्व. ४० वाल्या टाटा प्लेच्या असतील, ८३°. अन् २४ वाल्या एअरटेलच्या, १०८°. पटत नसेल तर होकायंत्र घेऊन जा. ८३ वाली जवळपास दक्षिणेलाच पाहते, ११ अंश पूर्वेकडे. फ्री डिश ३५ अंश पूर्वेकडे. अन् एअरटेलवाली चांगली ५७ अंश वळलेली राहते, म्हणून ती खालीही जास्त झुकते. होकायंत्र छत्रीला टेकवू नका, लोखंडानं सुई फिरते. चार पावलं मागं उभं राहून पाहा.

अजून एक गोष्ट पोरांना सांगा. ९३.५ वर आधी इन्सॅट-४बी होता, २००७ पासून. नंतर तिथंच जीसॅट-१५ आला. फ्री डिश एकावरून दुसऱ्यावर गेली तेव्हा लोकांच्या घरी जाऊन चॅनेल पुन्हा शोधून द्यावे लागले, पण एकाही छत्रीचा नट ढिला करावा लागला नाही. वर गाडी बदलली, स्टॉप तोच. मला तेव्हापासून वाटते की त्या लोकांना तिथं एवढं बरोब्बर उभं कसं राहता येते?

महालची_शिक्षिका

भाऊ, तुमचे किती आभार मानू? वर्गात तुमचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. दुपारी मुलं होकायंत्र घेऊन पुन्हा वर गेली. चौदापैकी तेरा जुळल्या. चौदावी छत्री कनेक्शन तोडून पाच वर्षं झालेल्या घरची निघाली, वाऱ्यानं वाकलेली.

आता "बरोब्बर उभं राहणं" आणि माझ्या विद्यार्थिनीचा ब्रेक, दोन्हींचा प्रश्न एकच झाला.

निवृत्त_खामला

ताई, माझी नोकरी बेंगळुरूला उपग्रहांच्या जुळणीत आणि चाचण्यांत गेली, आता खामल्यात स्थायिक आहे. तुमच्या विद्यार्थिनीनं फार नेमकं विचारलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिला सांगा, ब्रेक लावत नाहीत. उलट वेग वाढवावा लागतो.

रॉकेट उपग्रहाला त्याच्या जागेवर नेऊन सोडत नाही. ते त्याला एका लांबट कक्षेत सोडतं. तिचं जवळचं टोक जमिनीपासून दोनेकशे किलोमीटरवर आणि दूरचं टोक, नेहमीच्या मोहिमेत, ३६,००० किमीच्या आसपास. जवळच्या टोकाशी उपग्रहाचा वेग सेकंदाला १० किमीपेक्षा जास्त असतो. वर चढता चढता तो मंदावतो, वर भिरकावलेल्या दगडासारखा, आणि दूरच्या टोकाला पोचेपर्यंत जेमतेम १.६ किमी उरतो. त्या उंचीवर टिकून राहायला हवा ३.०७. तेवढा नाही म्हणून तो परत खाली येतो, पुन्हा वर जातो. सोडून दिला तर असाच खालीवर करत राहील.

म्हणून तो दूरच्या टोकाजवळ आला की त्याचं स्वतःचं इंजिन पेटवतात. त्याचा जोर ४४० न्यूटन. म्हणजे पृथ्वीवर ४५ किलो वजन तोलून धरण्याइतका. सिमेंटचं एक पोतं त्याला उचलणार नाही! पण अवकाशात अडवणारं काही नाही, आणि हे इंजिन एकेका खेपेला तासभर, कधी त्याहून जास्त चालतं. दरवेळी कक्षेचं जवळचं टोक उचललं जातं. अशा तीन-चार खेपांनंतर, आठवडाभरात, लांबट कक्षा गोल होते. श्रीहरिकोटा विषुववृत्तापासून १३.७° उत्तरेला असल्यामुळे ही कक्षा सुरुवातीला कललेलीही असते. तो कलही याच खेपांमध्ये काढतात, आणि तोही दूरच्या टोकाशीच, कारण वेग कमी असताना दिशा वळवायला इंधन कमी लागतं. जड गाडी हळू असताना वळवणं सोपं, तसंच.

हे सगळं कर्नाटकात हासनच्या मुख्य नियंत्रण केंद्रातून होतं. दुसरं केंद्र २००५ पासून भोपाळला आहे, आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर. टीव्हीवर सोळा मिनिटं दिसतात. त्यानंतर हासनला जे रात्रंदिवस बसतात, त्यांची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

इंधनाचा हिशेब पाहा. जीसॅट-१४ हा संचार उपग्रह उडाला तेव्हा वजन १,९८२ किलो होतं. त्यात उपग्रह ८५१ किलोचा, बाकी सगळं इंधन. त्यातलं बहुतेक कक्षा गोल करण्यातच जातं.

उरतं त्यावर त्याचं आयुष्य. छत्रीवाल्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. उपग्रह तिथं आपोआप उभा राहत नाही. चंद्र आणि सूर्य त्याला उत्तर-दक्षिण खेचतात. पृथ्वीचं विषुववृत्त पुरतं गोल नाही, त्यामुळे तो पूर्व-पश्चिमेलाही सरकतो. अशा सरकण्याला दोन जागी विश्रांती मिळते, आणि त्यातली एक ७५° पूर्वेजवळ आहे, म्हणजे आपल्या देशाच्या डोक्यावरच. तरी लहान इंजिनांनी त्याला सतत जागेवर आणत राहावं लागतं. एका अंशाचा दहावा भाग म्हणजे तिथं ७० किमीहून जास्त अंतर. एवढ्याशा चौकटीत त्याला १२-१५ वर्षं ठेवायचं असतं.

आणि शेवटचं थोडं इंधन राखून ठेवतात, जागा मोकळी करून देण्यासाठी. भाऊंनी सांगितलेला इन्सॅट-४बी जानेवारी २०२२ मध्ये असाच भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३४० किमी वर नेऊन सोडला. आता तो तिथं कोणाच्या वाटेत नाही.

वर्धारोड_४४

काका, छान समजावलं. पण एक मनापासून विचारतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ अमेरिकेतून फाल्कन ९ वर गेला. पैसे दिले की कोणीही नेऊन सोडतं. खाली फायबर गावोगाव पोचून राहिलं आहे. मग एवढे जड उपग्रह आणि एवढी मोठी रॉकेटं आपणच करायचा अट्टहास का?

परिचारिका_आल्लापल्ली

वर्धारोड दादा, उत्तर काका देतील. पण फायबरचं मी सांगते.

मी काही वर्षं भामरागडकडे होते. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुका तुटतो. रस्ता नाही, वीज नाही, केबल तर कुठल्या कुठे. तेव्हा जो काही फोन लागायचा तो छत्रीवरून, उपग्रहावरूनच लागायचा. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता, त्या रात्री मी गडचिरोलीच्या डॉक्टरांशी त्याच फोनवर बोलले. मी बोलायचे आणि पलीकडे शांतता. वाटायचं फोन कटला. मग आवाज यायचा. पुढे सवय झाली: बोलायचं, मनात "एक" म्हणायचं, मग ऐकायचं. घाईनं मध्ये बोललं की दोघांचे शब्द एकमेकांवर पडायचे, आणि औषधाचं प्रमाण पुन्हा विचारावं लागायचं.

ती शांतता कशाची होती ते आज इथं वाचून कळलं. बाई वाचली, बाळही.

निवृत्त_खामला

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

तो "एक" म्हणजे अर्धा सेकंद. तुमचा आवाज ३६,००० किमी वर आणि तेवढाच खाली, प्रकाशाच्या वेगानं, यालाच पाव सेकंद लागतो. डॉक्टरांचं उत्तर यायला आणखी पाव. कितीही सुधारणा केली तरी यात कपात होत नाही, अंतरच तेवढं आहे.

वर्धारोड, तुमचा प्रश्न रास्त आहे. एलव्हीएम३ भूस्थिर वाटेवर साधारण ४ टन, फार ताणलं तर सीएमएस-०३ इतकं नेतं, जीसॅट-एन२ त्याच्या आवाक्याबाहेरचा होता म्हणून बाहेर गेला. आपण भाड्याच्या रॉकेटवरच सुरुवात केली आहे. १९ जून १९८१ ला 'ॲपल', आपला पहिला प्रायोगिक संचार उपग्रह, फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियनवर गेला. बैलगाडीवर ठेवलेला त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. तो गरिबीचा फोटो म्हणून फिरतो याचं मला वाईट वाटतं. अँटेनाच्या चाचणीत आजूबाजूचं लोखंड लुडबुड करू नये म्हणून लाकडी गाडी आणली होती. ते शहाणपण होतं. वर गेल्यावर त्याच्या दोन सौर पंखांपैकी एक उघडलाच नाही, तरी त्याच्याकडून २७ महिने काम करून घेतलं.

पण भाड्याची गाडी नेहमी मिळेलच असं नाही, हे आपण क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या इंजिनाच्या वेळी शिकलो. १९९१ मध्ये रशियाशी करार झाला, इंजिनं आणि त्यांचं तंत्रज्ञान दोन्हीसाठी. १९९२ मध्ये अमेरिकेनं निर्बंध घातले. १९९३ मध्ये रशियानं तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, रॉकेटचे नुसते तयार टप्पे दिले, सात. पुढचं सगळं आपलं आपण. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांपासून जवळपास ३०० अंश खाली. त्या थंडीत धातू आकसतो, वंगण गोठतं, आणि हायड्रोजन सगळ्यात लहान रेणू, मिळेल त्या फटीतून निसटतो.

१५ एप्रिल २०१० ला आपलं इंजिन घेऊन पहिलं जीएसएलव्ही रॉकेट उडालं आणि अपयशी ठरलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी रशियन टप्पा असलेलं दुसरंही फसलं. १९ ऑगस्ट २०१३ ला जीसॅट-१४ घेऊन पुन्हा तयारी झाली, उड्डाणाला सव्वा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्यात इंधनाची गळती दिसली. थांबवलं. अख्खा दुसरा टप्पा नवा बसवला, टाकीचा मिश्रधातूही बदलला. ५ जानेवारी २०१४ ला उडालं आणि जमलं. १९९३ ते २०१४, एकवीस वर्षं. या काळात कित्येक माणसं निवृत्त होऊन गेली, त्यांना ते पाहायला मिळालं नाही. म्हणून मी याला अट्टहास म्हणू शकत नाही.

वर्धारोड_४४

पटलं काका. आल्लापल्लीच्या ताईंचं तर जास्तच.

हिंगणा_मेकॅनिकल

काका, मी तिसऱ्या वर्षाला आहे. स्कायरूट या खासगी रॉकेट कंपनीच्या कलाम-१०० रॉकेट मोटरची चाचणी मे २०२२ मध्ये आपल्या नागपुरातच, सोलर इंडस्ट्रीजच्या चाचणी केंद्रात झाली, तेव्हापासून मला याच क्षेत्रात जायचं आहे. पण सगळे रॉकेटबद्दलच बोलतात. उपग्रह उडण्याआधी त्याच्यावर काय काय होतं ते सांगा ना.

निवृत्त_खामला

बाळा, हे विचारलंस म्हणून बरं वाटलं.

ट्रान्सपाँडर, म्हणजे जमिनीवरून आलेला क्षीण संदेश घेऊन, त्याची फ्रीक्वेन्सी बदलून, जोर वाढवून खाली पाठवणारी यंत्रणा, ती अहमदाबादच्या केंद्रात तयार होते. इंजिनं आणि टाक्या दुसरीकडे. बेंगळुरूला सगळं एकत्र येतं. मग उपग्रहाला छळायचं.

आधी उष्णता-निर्वात चाचणी. मोठ्या टाकीत हवा काढून घेऊन त्याला आळीपाळीनं तापवतात आणि गारठवतात. वर तसंच होतं: एक बाजू उन्हात, दुसरी काळ्या आकाशाकडे. शिवाय मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास काही आठवडे उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतून जातो, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवर. मग कंपन चाचणी, मग ध्वनीची. रॉकेटचा आवाज इतका प्रचंड असतो की त्यानं पातळ पत्रे फाटू शकतात, म्हणून बंद खोलीत तसाच आवाज करून पाहतात. त्यानंतर सौर पंख उघडून पाहायचे. ते वजनहीन अवस्थेसाठी बनलेले, जमिनीवर स्वतःचा भारही पेलत नाहीत. म्हणून वरून टांगून, भार काढून घेऊन उघडावे लागतात. पहिल्यांदा बिजागऱ्या आवाज न करता उलगडत जातात तेव्हा हॉलमध्ये कोणी श्वास घेत नाही. मी ते पुष्कळदा पाहिलं. सवय कधीच झाली नाही.

एवढं करूनही काय होऊ शकतं ते तुला सांगितलं पाहिजे, कारण तू याच क्षेत्रात येणार आहेस. २९ मार्च २०१८ ला जीसॅट-६ए उत्तम उडाला. ३१ मार्चला कक्षा वाढवण्याची दुसरी खेप झाली, आणि त्यानंतर तो बोलेनासा झाला. पुन्हा कधी बोलला नाही. त्या वेळी जीसॅट-११ उड्डाणासाठी कुरूला पोचला होता, ५,८५४ किलोचा, आपण बनवलेला सगळ्यात जड. तो तिथून परत आणला. समुद्रापलीकडे पोचलेला उपग्रह परत मागवायचा, तारीख सोडायची, पुन्हा उघडून तपासायचा, हा निर्णय घेणं सोपं नसतं. त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो उडाला आणि नीट जागेवर बसला. मला विचारशील तर आमच्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा गुण तो: तयार आहे म्हणून पाठवायचं नाही, खात्री झाली म्हणून पाठवायचं.

हिंगणा_मेकॅनिकल

हे लिहून भिंतीवर लावतो काका.

छत्रीवाला_मानेवाडा

मॅडम, एक काम सुचलं. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये अन् ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं येते. त्या वेळी छत्रीत सूर्याचाच गोंगाट भरते, चित्र फुटते, काही मिनिटांनी आपोआप नीट होते. लोक मला फोन करतात, मी सांगतो हात लावू नका.

माझ्या ओळखीच्या एका केबलवाल्याच्या गच्चीवर जुनी मोठी जाळीची छत्री आहे, बारा फुटी. तिची एलएनबी मधोमध असते. ती पण ९३.५ लाच लावली आहे. सूर्य बरोबर मागं आला की एलएनबीची सावली छत्रीच्या अगदी मध्यावर पडते. पोरांना उपग्रह दिसणार नाही, पण तो कुठं आहे ते सूर्य दाखवेल.

महालची_शिक्षिका

भाऊ, वर्गात सांगितलं आणि मुलांनी लगेच वही काढली. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे आपल्याला तो उपग्रह विषुववृत्ताच्या रेषेपेक्षा साधारण साडेतीन अंश दक्षिणेला दिसतो. सूर्य तेवढ्या दक्षिणेला ११ मार्चच्या आसपास असतो. वेळ त्यांनी काढली सकाळी सव्वाअकरा. एकानं साडेअकरा काढली आहे, तो घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांतला फरक दोनदा धरतो आहे असं मला वाटतं, पण मी अजून सांगितलेलं नाही.

ब्रेकवाली मुलगी तुमच्या प्रतिसादांची प्रत काढून घेऊन गेली, काका. ११ मार्चला तुम्हीही गच्चीवर या. तिला तुम्हाला भेटायचं आहे, तिच्याकडे आणखी सात प्रश्न आहेत.

निवृत्त_खामला

येतो. दहा वाजताच येतो, म्हणजे सावली सरकत मध्यावर येताना पाहता येईल. जिने किती आहेत तेवढं कळवा.

छत्रीवाला_मानेवाडा

तीन मजले काका. मी खाली उभा राहीन, सोबत चढू.